आधी भोंगा, मग कॅमेरा!

घरी स्वतःच सिक्युरिटी सिस्टिम बसवायची म्हटलं की आपण आधी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघतो. माझं मत उलटं आहे. कॅमेरा बहुधा चोरी झाल्यावर उपयोगी पडतो. दाराचा सेन्सर चोर शिरतानाच ओरडतो. चौकटीवर रीड स्विच, दारावर चुंबक, बस्स! दार बंद असताना सर्किट पूर्ण राहील असं जोडा, म्हणजे वायर कापली तरी भोंगा वाजेल. लाईट जाते, म्हणून बॅटरी हवीच.

कॅमेरा घेतलातच तर पासवर्ड आधी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ मालवेअरने कंपनीचेच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे ताब्यात घेतले होते.

आणि दुपारी घरात एकटी कोण असते? आजी! तिला ॲप नको, एक बटण हवं. तिला चालवता येत नसेल, तर सिस्टिम कितीही भारी असो, काय कामाची?