ट्रॅक्टरच्या अनुदानाला पोलादी कमानीची अट घाला



ट्रॅक्टर पलटी होऊन चालक ठार, ही बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते आणि तिथेच संपते. एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यात शेतमजुरीला निघालेल्या सात महिला ट्रॉलीसह विहिरीत बुडाल्या, तेव्हा सारे राज्य हळहळले. पण बांधावरून एकटा चालक यंत्राखाली गेला, की ‘ताबा सुटला’ असे म्हणून विषय मिटतो. माझा आक्षेप या दोन शब्दांना आहे. त्यांनी सगळा दोष मेलेल्या माणसावर जातो आणि जीव वाचवणारी वस्तू ट्रॅक्टरवर का नव्हती, हे कोणी विचारत नाही.

ट्रॅक्टर उंच असतो आणि त्याचे बहुतेक वजन मागच्या चाकांवर असते. अकोले, पाटण किंवा आजऱ्याच्या उतारावर तो आडवा चालला आणि वरच्या अंगाचे चाक एखाद्या धोंड्यावर चढत असतानाच खालचे चाक तासात उतरले, तर तोल जायला तेवढे पुरते. चढावर धोका वेगळा. मागची चाके रुतली आणि चालकाने क्लच झटक्यात सोडला, तर चाक फिरत नाही म्हणून इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. टोचन ड्रॉबारला न लावता वर टॉप लिंकच्या जागी बांधले, तर तो आणखी लवकर उठतो. अशा वेळी सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर जिथून सावरता येत नाही अशा टोकाला पोचतो. धोका ओळखून पाय क्लचवर नेईपर्यंत माणसाचा तेवढा वेळ गेलेला असतो. तिथे वीस वर्षांचा सराव असलेला चालकही काही करू शकत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. आसनाच्या मागे, थेट चासीला बोल्टने घट्ट बसवलेली पोलादी कमान आणि कमरेचा पट्टा. ट्रॅक्टर उलटला तरी कमान जमिनीला टेकते आणि चालकापुरती जागा शिल्लक राहते. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना असा सांगाडा सक्तीचा केला. तिथे दर लाख ट्रॅक्टरांमागे वर्षाला बाराच्या घरात असलेले पलटीचे मृत्यू पुढच्या तीन दशकांत एकाच्याही खाली आले. अमेरिकेत 1985 पासून नवे ट्रॅक्टर कमानीसहच विकले जातात. भारतात बनून तिकडे जाणारेही. आपल्या शिवारात मात्र बहुतेक ट्रॅक्टरांवर दिसते ते ऊन अडवणारे पत्र्याचे छत. ते संरक्षण देते असे समजणे घातक आहे, कारण ट्रॅक्टरच्या वजनाखाली ते चेपते.

पट्टा बांधला तर उडी कशी मारणार, असे अनेक चालक विचारतात. भीती खरी आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवे. उडी बहुतेकदा उताराच्या अंगाला पडते आणि ट्रॅक्टरही त्याच अंगाला येतो. कमान असेल तर तिच्या आत राहणे हाच बचाव, आणि आत ठेवतो तो पट्टा. कमान नसेल तर पट्टा बांधूच नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. द्राक्षबागायतदार म्हणतील की कमान मांडवात अडकेल. त्यासाठी दुमडणारी कमान मिळते. बागेत खाली, बाहेर पडताच उभी. आधी चालकांना शिकवा, असेही म्हटले जाते. जरूर शिकवा. उतार लागण्याआधी खालचा गिअर टाकावा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नये, मडगार्डवर कोणाला बसवू नये. रस्त्याला लागण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी बोटभर कडी लावावी. ती सुटी राहिली तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन वळतो. पण हे सगळे पाळणाराही पावसात घसरतो.

राहिला खर्च. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. महाडीबीटी पोर्टलवरून सरकार ट्रॅक्टरला लाख-सव्वा लाखापर्यंत अनुदान देते, आणि त्याच ट्रॅक्टरखाली शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून वारसांना दोन लाख. दोन्ही पैसे जनतेचेच आहेत. मग अनुदान फक्त चाचणी झालेली कमान आणि पट्टा असलेल्या ट्रॅक्टरलाच द्यावे आणि जुन्या ट्रॅक्टरांना कमान बसवण्यासाठी वेगळी मदत ठेवावी. अपघात योजनेच्या अर्जांत मृत्यूचे कारण लिहिलेले असतेच. कृषी विभागाने त्यातून ट्रॅक्टर पलटीचे मृत्यू वेगळे काढून दरवर्षी तालुकावार जाहीर करावेत. नवी अट कुठे आधी लावायची, ते त्या यादीवरूनच ठरवता येईल.

— एक वाचक