विश्लेषण : चेसिस नंबर तोच, चाकं मात्र वाढली! दिव्यांगांच्या 'तीनचाकी' स्कूटरची नोंदणी आरटीओत का अडते?

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचं चाक लावलेली स्कूटर आपण रस्त्यावर नेहमी पाहतो. नीट मोजलं तर तिला चार चाकं असतात, पण बोलताना सगळे तिला 'तीनचाकी'च म्हणतात. पायांत बळ नसलेल्या कित्येकांसाठी नोकरी, दुकान, कॉलेज किंवा दवाखाना गाठण्याचा हा एकमेव परवडणारा मार्ग असतो.

रस्त्यावर सहज दिसणारी ही गाडी कागदावर यायला मात्र वेळ लागतो. ती शोरूममधून साधी दुचाकी म्हणून नोंदली जाते, साइड व्हील नंतर बसतात आणि पासिंगला नेल्यावर प्रश्न सुरू होतात. चेसिस नंबर जुळतो, इंजिन नंबरही जुळतो, पण समोर उभी असलेली गाडी आरसीवरच्या वर्णनाशी जुळत नाही. असं का होतं? आणि कायदा नेमकं काय सांगतो?

चेसिस नंबर तपासतात म्हणजे काय?

प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर १७ अक्षर-अंकांचा एक क्रमांक कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरं उत्पादक कोण ते सांगतात, पुढची गाडीचा प्रकार आणि शेवटची त्या एका गाडीचा अनुक्रम. '१' आणि '०' या अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं यात वापरत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२२ नुसार हा क्रमांक कोरणं उत्पादकावर बंधनकारक आहे.

तपासणीत मोटार वाहन निरीक्षक हा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसाही घेतला जातो. आजूबाजूला घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा पुन्हा कोरल्याच्या खुणा आहेत का, हेही बघितलं जातं. चोरीची गाडी दुसऱ्या गाडीच्या कागदांवर चालवली जाऊ नये, हा यामागचा मुख्य हेतू.

मग साइड व्हीलमुळे अडचण कुठे येते?

पहिली अडचण अगदी साधी आहे. काही किटची पट्टी किंवा आधाराचा सांगाडा नेमका क्रमांकाच्या जागेवर येतो. नंबर दिसत नाही, ठसा घेता येत नाही. किट बसवताना तिथे ग्राइंडर फिरला किंवा रंगाचा जाड थर बसला, तर प्रामाणिक मालकाची गाडीही संशयास्पद वाटू लागते.

दुसरी अडचण मोठी आहे. नियम १२६ नुसार प्रत्येक मॉडेलची विक्रीपूर्वी पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी होते. ही मंजुरी त्या मॉडेलला दोन चाकांची गाडी म्हणून मिळालेली असते आणि चेसिस नंबरही तीच ओळख सांगतो. नंतर बसवलेल्या चाकांची त्या क्रमांकात काहीच नोंद नसते.

म्हणजे निरीक्षकासमोर दोन प्रश्न असतात. 'ही तीच गाडी आहे का?' आणि 'ही आता कोणत्या प्रकारची गाडी आहे?' पहिल्याचं उत्तर चेसिस नंबर देतो, दुसऱ्याचं देऊ शकत नाही. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की फाइल अडते.

निरीक्षकाची शंका अगदीच निराधार असते का?

नाही. साधी स्कूटर वळताना एका बाजूला झुकते. साइड व्हील लागलेली झुकू शकत नाही, त्यामुळे वेगात वळण घेतल्यास ती बाहेरच्या बाजूला कलंडण्याचा धोका असतो. शिवाय रुंदी वाढते आणि मागच्या भागावर जास्तीचा भार येतो. किट कच्चं असेल तर ते चालवणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकतं. त्यामुळे तपासणी हवीच.

सावधगिरीला आणखी एक कारण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणात निकाल दिला की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. विनापरवानगी बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूदही कलम १८२ अ मध्ये आहे.

पण दिव्यांगांसाठी कायदा वेगळा आहे

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. जुना 'इनव्हॅलिड कॅरेज' हा शब्द गेला आणि 'अनुकूलित वाहन' ही नवी व्याख्या आली. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बनवलेली किंवा बदल केलेली आणि फक्त तिच्यासाठीच वापरली जाणारी गाडी, असा तिचा अर्थ.

खरा बदल कलम ५२(२) मध्ये आहे. कुणीही आपली गाडी अनुकूलित वाहनात बदलून घेऊ शकतो आणि त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी 'नंतर' घेता येते. अट एवढीच, की बदल केंद्राने ठरवलेल्या निकषांत बसला पाहिजे. म्हणजे 'आधी परवानगी का घेतली नाही?' एवढ्याच कारणावर अशी गाडी परत पाठवणं या कलमाशी जुळत नाही.

त्याआधीच्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सरकारची जबाबदारी स्पष्ट आहे. कलम ४१ मध्ये दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चात फिरता यावं यासाठी योजना आखायला सांगितलं आहे आणि त्यात वाहनांमधल्या बदलांचा थेट उल्लेख आहे.

सोय झाली, पण कोणाची?

२०१९ च्या दुरुस्तीनुसार अधिकृत डीलरकडून घेतलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत न्यावी लागत नाही. सर्वसामान्य ग्राहकाची फेरी वाचली. चाकं नंतर बसवणाऱ्या दिव्यांग ग्राहकाला मात्र बदलाच्या मंजुरीसाठी गाडी घेऊन जावंच लागतं. ज्याला ये-जा करणं सर्वांत कठीण, त्याच्याच वाट्याला जास्तीची फेरी येते.

यावर एक उपाय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुद्याच्या रूपाने पुढे आणला होता. नियम ५३ अ आणि ५३ ब मध्ये बदल करून अशा गाड्यांना आधी तात्पुरती नोंदणी द्यायची, त्या काळात बदल करून घ्यायचे आणि कायमची नोंदणी थेट अनुकूलित वाहन म्हणूनच करायची. असं झालं तर एकाच गाडीची नोंद आधी दुचाकी आणि मग दुसरंच काही, हा घोळ मुळातच टळतो.

गाडी घेणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

- शक्य असेल तर अधिकृत डीलरकडून नोंदणीआधीच बदल करून घ्यावेत आणि अर्जात गाडीचा वर्ग तपासावा. नमुना २० मध्ये २०२० पासून मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' हा पर्याय आहे.
- किट लावण्यापूर्वी चेसिस व इंजिन नंबर कुठे कोरले आहेत ते पाहून त्यांचे स्पष्ट फोटो काढावेत. त्या जागेवर पट्टी, वेल्डिंग किंवा रंग येऊ देऊ नये.
- किटचं पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर गाडीचा चेसिस नंबर लिहून घ्यावा.
- मंजुरीआधी बदल केला असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावं.
- विमा कंपनीलाही लेखी कळवावं. आरसीवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी दिसली, तर अपघातानंतर दाव्यावर आक्षेप येऊ शकतो.
- मंजुरी नाकारली तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये, लेखी आदेश मागावा. कलम ५७ नुसार आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. कागदच हातात नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार?

चेसिस नंबरची तपासणी चोराला पकडण्यासाठी आहे आणि ती कडकच असावी. गाडीला चाकं किती आणि ती कोणासाठी, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कायद्याने २०१९ मध्येच दिलं आहे. ते उत्तर आरटीओच्या खिडकीपर्यंत पोहोचलं, तर अनेकांचे हेलपाटे वाचतील.