चित्राखालची एक ओळ

१९ फेब्रुवारी जवळ आली की नारायण पेठेतल्या फ्रेमच्या दुकानात गर्दी होते. आमच्या उर्दू शाळेतली शिवरायांची तसबीर जुनी झाली होती, म्हणून यंदा मी तिथूनच नवी आणली. वर्गात लावत असताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, ये तस्वीर किसने बनाई?"

प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले.

नारायण पेठेतच केसरीवाडा आहे. शिवजयंतीला सार्वजनिक रूप देणाऱ्या टिळकांचा हा वाडा. पण उत्सव सुरू होऊन कित्येक वर्षे लोटली तरी महाराजांच्या चेहऱ्याबद्दल घोळ होता. इब्राहिमखान नावाच्या माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून चालत होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या ग्रंथातले चित्र शोधून काढले आणि १९३३ साली ते लोकांपुढे आणले. तेव्हा कुठे ही चूक दुरुस्त झाली.

महाराजांची त्या काळातली आणखीही चित्रे युरोपात आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात एक आहे. तिथला महापौर निकोलस विट्सेन याच्या संग्रहातल्या ४९ चित्रांपैकी ते एक. १६८६ च्या सुमारास काढलेले, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर पाच-सहा वर्षांनी. युरोपात तेव्हा बरोक शैलीचा जमाना होता. पण हे चित्र युरोपात काढलेले नाही. ते गोवळकोंड्याचे, कुतुबशाहीच्या राजधानीतले. १६७७ साली महाराज स्वतः तिथे जाऊन अबुल हसन कुतुबशहाला भेटले होते. चित्र तयार झाले आणि वर्षभरातच, १६८७ मध्ये, औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला.

चित्रावर चित्रकाराचे नाव नाही. तो हिंदू होता की मुसलमान, हे चेहऱ्याच्या रेषांवरून ओळखता येत नाही. दख्खनी कलमाचा होता, एवढे मात्र नक्की कळते.

मी मुलांना हे सगळे सांगितले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मतलब अपने दक्कन में बनी!" त्या 'अपने' शब्दावर मी थांबले. शिवजयंतीला आमची मुले भाषणे पाठ करतात, टाळ्याही मिळवतात. पण आपण दुसऱ्याच्या घरच्या कार्याला आलोय, असा एक संकोच त्यांच्या चेहऱ्यावर मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. त्या दिवशी तो दिसला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. पाठ्यपुस्तकात आणि तसबिरीवर महाराजांचे जुने चित्र छापताना त्याखाली एक ओळ असावी : कुठे काढले, केव्हा काढले, आज कुठे आहे. यासाठी कोणाशी भांडायला नको, इतिहास बदलायला नको. आहे तोच पूर्ण सांगायचा.

आमच्या वर्गातल्या तसबिरीखाली मुलांनी माहितीची पट्टी चिकटवली आहे. मराठीत आणि उर्दूत.