सातपुड्याच्या पायथ्याचा बारीक नकाशा हवा

भूकंपावर व्याख्यान झाले की हमखास एक प्रश्न येतो: "सर, आपल्याकडे भूकंप केव्हा होणार?" दिवस-वार सांगून याचे उत्तर आज जगात कोणीही देऊ शकत नाही. पण याच्या शेजारचा एक प्रश्न सुटण्याजोगा आहे आणि तो आपण विचारीतच नाही. येथे पूर्वी भूकंप कोठे झाला होता, आणि केव्हा?

उपकरणांची स्मृती फार तोकडी आहे. अलिपूरच्या वेधशाळेत भूकंपमापक बसला तो १८९८ मध्ये. ज्या भेगेच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकतात, त्या भेगेला भ्रंश म्हणतात. असा एखादा भ्रंश हजारो वर्षे गप्प राहून एकदाच हालू शकतो. सव्वाशे वर्षांच्या नोंदीत तो सापडणार कसा? किल्लारीला हेच झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली, तो भाग तेव्हाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. (२००२ च्या नकाशातून तो विभागच काढून टाकण्यात आला, ही गोष्ट वेगळी.) भूकंपानंतर तेथल्या शेतांत जमीन फाटून तिची एक बाजू वर उचललेली आढळली. उंची जेमतेम गुडघाभर.

जुने भूकंप शोधायचे ते अशाच पायऱ्यांवरून, किंवा एकाच रेषेवर एकाच दिशेला सरकलेल्या ओढ्यांवरून. पण तुमच्या भूगोलाच्या तासाला येणारा स्थलदर्शक नकाशा काढून पाहा. त्यावरील समोच्च रेषा बहुधा वीस-वीस मीटरांच्या अंतराने असतात. गुडघाभर पायरी त्यांत कशी दिसावी?

येथे भौतिकी मदतीला येते. लायडार हे रडारचेच भावंड; त्यात रेडिओलहरींच्या जागी लेसर प्रकाशाचे स्पंद असतात. हजार मीटरांवरून उडणाऱ्या विमानातून सोडलेला स्पंद जमिनीवर आपटून परत येण्यास एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या पावणेसात पट वेळ लागतो. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा, प्रकाशाचा वेग तुम्हांला ठाऊक आहेच. पंधरा सेंटिमीटर उंचीचा फरक ओळखायचा तर वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत मोजावी लागते. एकाच स्पंदाचा काही प्रकाश पानांवरून परततो आणि काही फटींतून खाली जाऊन मातीवरून. शेवटी आलेले प्रतिध्वनी वेचून घेतले की जंगल जणू नकाशावरून उचलले जाते आणि उघडी जमीन उरते.

अमेरिकेत सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर १९९६-९७ मध्ये असे सर्वेक्षण झाले, ते भूजलासाठी! दाट झाडीखाली एक सरळ पायरी दिसली. मग तिला आडवे चर खणले, मातीच्या सरकलेल्या थरांतील कोळशाचे वय कार्बन-१४ वरून काढले, आणि सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपाचा पुरावा मिळाला. आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना-वारणा परिसराचेही विमानातून लायडार सर्वेक्षण झाले आहे.

आता आपल्या खानदेशाकडे या. तापीच्या दक्षिणेस, आमच्या पाचोऱ्याकडे, काळ्या मातीखाली थोड्याच खोलीवर खडक लागतो. उत्तरेस यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात मात्र गाळाची जाडी शेकडो मीटर आहे, आणि त्यापलीकडे सातपुडा भिंतीसारखा उभा. एवढा गाळ एकाच बाजूला का साठला? कारण तेथे जमीन भ्रंशाच्या कडेने खचत गेली. चोपडा तालुक्यातील उनपदेवचे गरम पाणीही अशाच भेगांतून वर येते. १४ मार्च १९३८ रोजी सातपुडा परिसरात ६.३ प्रतीचा भूकंप झाला आणि २२ मे १९९७ रोजी याच नर्मदा-सोन-तापी पट्ट्यात जबलपूर हादरले.

तेव्हा माझे म्हणणे असे, की या पायथ्याचे लायडार सर्वेक्षण व्हावे आणि ते लवकर व्हावे. तापी महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी मे २०२५ मध्ये केला. पाणी कोठे मुरेल हे पाहण्यास जमिनीचा बारीक उतार लागतोच. तोच नकाशा भ्रंशांसाठीही वापरता येईल. बेनब्रिजला हेच घडले.

यावर आक्षेप येईल, की प्रत्येक पायरी काही भ्रंशाची नसते. खरे आहे. नदीचा जुना काठ, शेताचा बांध, मोडलेली गाडवाट, सारे नकाशात सारखेच ठसठशीत दिसते. काळी माती फुगते, भेगाळते आणि खऱ्या खुणा स्वतःच पुसते. म्हणून चर खणल्यावाचून निकाल देऊ नये. परंतु चर कोठे खणायचा हे तरी नकाशा सांगेल, आणि सपाटीकरणाची यंत्रे शेतोशेती फिरत असताना ही जागा दरवर्षी थोडी थोडी नाहीशी होत आहे.

शिक्षकांना एक विनंती. सर्वेक्षण होईल तेव्हा होईल. वर्गात एक चादर किंचित सुरकुतून पसरा, खिडक्या बंद करा आणि विजेरीचा झोत आधी वरून व मग अगदी तिरपा, कडेने टाका. वरून न दिसलेली सुरकुती सावलीमुळे उठून दिसेल. संगणकावर लायडारचे आकडे असेच कृत्रिम तिरप्या उन्हात पाहतात. मग मुलांना खऱ्या तिरप्या उन्हात, सूर्य उगवताना, गावाबाहेरच्या पडीक माळावर न्या.