टाचेतल्या रक्ताचा एक ठिपका

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,



स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हे नाव महाराष्ट्रात 2021 साली घरोघरी पोचलं ते 16 कोटींच्या इंजेक्शनमुळे. मोबाइलवर मदतीची आवाहनं फिरली, लोक हळहळले, आणि हा आजार आपल्या आवाक्याबाहेरचा, एवढंच मनात राहिलं. तो समज आता मोडायला हवा.

एसएमएन1 या जनुकात दोष असला की मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. आईवडील ठणठणीत असतात. दोघांकडून सदोष जनुक आलं तरच बाळ आजारी पडतं. तीव्र प्रकारात बाळ मान धरत नाही, पाय उचलत नाही, दूध ओढताना दमतं. नजर मात्र तल्लख, आईच्या मागे मागे फिरणारी. घरचे धीर देतात, 'अहो, काही मुलं उशिराच बसतात.' निदानापर्यंत महिने निघून जातात, आणि मेलेली चेतापेशी कुठलंच औषध परत आणत नाही. उपचारांविना यातली बहुतेक बाळं दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

उलट, लक्षणं दिसण्याआधीच, जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत नुसिनर्सेन हे औषध सुरू केलेल्या 25 बाळांचा अभ्यास झाला आहे. सगळी जगली. बहुतेक स्वतःच्या पायांनी चालू लागली!

अमेरिकेने 2018 मध्येच एसएमए नवजात तपासणीच्या शिफारशीत घेतला. टाचेतल्या रक्ताचा वाळलेला ठिपका या तपासणीला पुरतो. 'तपासून करायचं काय, औषध परवडतं कुणाला?' हा प्रश्न तेव्हा रास्त होता. पण ऑक्टोबर 2025 मध्ये, न्यायालयीन लढाईनंतर, रिस्डिप्लाम हे एसएमएवरचं औषध देशी कंपनीने बाटलीमागे 15,900 रुपयांना बाजारात आणलं. मूळ कंपनीची बाटली सहा लाखांच्या घरात होती. शेतमजुराला हेही झेपणार नाही, सरकारला झेपेल. केरळ सरकार मुलांना हे औषध मोफत देतं. केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजारांच्या धोरणात 50 लाखांपर्यंत मदत आहे, आणि मुंबईचं केईएम त्यासाठीचं एक केंद्र आहे.

सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ही तपासणी सुरू करा. टप्प्याटप्प्याने करायची तर मुंबई आणि गडचिरोलीत एकाच दिवशी करा, नाहीतर गडचिरोलीची पाळी येतच नाही. आणि दोष सापडला तर औषध ताबडतोब मिळेल, याची लेखी हमी द्या. त्याशिवाय तो अहवाल आईच्या हाती देणं क्रूरपणाचं ठरेल. येत्या अर्थसंकल्पात यासाठी वेगळी तरतूद दिसावी, ही विनंती.

आपली,
लहान मुलांसोबत काम करणारी एक फिजिओथेरपिस्ट