मोठ्या टायरचा खरा खर्च

फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांची पहिली हौस म्हणजे मोठे टायर. गाडी रुबाबदार दिसते, पोटाखाली जागा वाढते; पण पहिल्याच चढणीला तिला धाप लागते. गणित सोपं आहे. ३० इंची टायर काढून ३३ इंची बसवला, की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी दहा टक्के जास्त अंतर कापते आणि जमिनीवरची ओढ साधारण नऊ टक्क्यांनी घटते. काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६६ असतो. लो रेंजमध्येही गाडी पूर्वीसारखी सावकाश उतरत नाही, ब्रेक सारखा दाबावा लागतो. इंजिनाची ताकद वाढवायचे सल्ले खूप मिळतात. खरा इलाज डिफरन्शियलमध्ये आहे. त्यातल्या क्राऊन गिअरला ४१ आणि पिनियन गिअरला १० दात असले तर रेशो ४.१०. त्याऐवजी ४१ आणि ९ची जोडी घातली की ४.५६, आणि गाडी जवळजवळ मूळ पदावर येते. मात्र पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो सारखाच हवा. नाहीतर फोर-व्हील लावताच ट्रान्सफर केसवर ताण येऊन ती तुटूही शकते. तेव्हा टायर घेण्याआधी दोन क्राऊन-पिनियनचा खर्च मांडा. तो झेपत नसेल, तर कंपनीच्या मापाचेच टायर बरे.