राजाची तलवार आणि शिपायाचे पदक

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजीराजे यांची तलवार २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात परत आली. लंडनच्या लिलावात ती विक्रीला निघाली असल्याचे कळताच राज्य सरकारने हालचाल केली आणि ४७ लाख १५ हजार रुपयांना ती मिळवली. पाते युरोपीय घडणीचे, त्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत सेनासाहेबसुभांचे नाव. अशी वस्तू परक्यांच्या दिवाणखान्यात पडून राहावी, हे कोणत्याही मराठी माणसाला रुचण्यासारखे नव्हते. सरकारने योग्य तेच केले. तथापि ज्या लंडनच्या बाजारात ही तलवार विकली गेली, त्याच बाजारात वर्षानुवर्षे आणखीही काही मराठी नावे विकली जात आहेत. ती राजांची नाहीत. ती शिपाई, नाईक, हवालदार, जमादार यांची आहेत. ती चांदीच्या किंवा काशाच्या गोल तुकड्यांच्या कडेवर इतक्या बारीक अक्षरांत कोरलेली असतात की, ती वाचायला भिंग लागते. या नावांसाठी आजवर कोणत्याही मंत्र्याने विमान पकडलेले नाही, आणि प्रत्येक नावासाठी पकडावे असेही कोणी म्हणणार नाही. पण त्या नावांचे काय होते, हे एकदा पाहण्यासारखे आहे.

नागपूरकरांच्या सत्तेवर १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर घाव बसला. त्याआधी त्याच महिन्यात खडकीला पेशव्यांची फौज मागे हटली होती. पुढे डिसेंबरात नागपूर आणि महिदपूर, आणि १८१८ च्या पहिल्याच दिवशी कोरेगाव भीमा. अवघ्या दोन महिन्यांत मराठी सत्तेचा निकाल लागला. या लढायांत कंपनीच्या बाजूने लढलेल्या माणसांना पदक मिळाले ते मात्र १८५१ साली. ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ या नावाच्या या पदकाच्या फितीवर लढाईगणिक चांदीची एकेक आडवी पट्टी असे आणि तीवर इंग्रजी कारकुनी थाटात आपल्याच गावांची नावे कोरलेली असत. ‘असई’, ‘अरगाव’, ‘गाविलगड’, ‘किर्की’, ‘पूना’, ‘सीताबल्डी’, ‘कोरीगॉम’ ही ती पट्ट्यांची यादी वाचताना महाराष्ट्राचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो.

या पदकाचा नियम मोठा मासलेवाईक होता. जो तोवर जिवंत असेल आणि अर्ज करील त्यालाच पदक. कोरेगावच्या लढाईत पंचविशीत असलेला शिपाई तोवर साठीच्या घरात आलेला. तो कोणत्या तरी खेड्यात आपल्या ओसरीवर बसलेला असणार. विलायतेत पदक मंजूर झाल्याची वार्ता त्याला कोण सांगणार, आणि अर्ज कोण लिहून देणार? त्यामुळे एतद्देशीय शिपायांपैकी फार थोड्यांच्या हाती हे पदक पडले. लढाईचा नायक कॅप्टन स्टाँटन याला कंपनीच्या संचालकांनी मानाची तलवार आणि ५०० गिनी दिल्या होत्या, त्यासाठी त्याला तीन तपे थांबावे लागले नाही. आज कोरेगावची पट्टी असलेले पदक जगातल्या संग्राहकांना दुर्मीळातले दुर्मीळ वाटते. ही दुर्मीळता कशातून आली, हे लिलावाच्या सूचीत लिहिलेले नसते.

लष्करी पदके जमवणे हा छंद आपल्याकडे अजून थोडासा चमत्कारिकच समजला जातो. नाणी जमवणाऱ्याला विद्वान म्हणतात, पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला निरुपद्रवी म्हणतात. पदके जमवणाऱ्याकडे मात्र ‘साहेबाचे बिल्ले कशाला हवेत याला?’ अशा नजरेने पाहिले जाते. विलायतेत या छंदाची रीतसर संशोधन संस्था १९४२ पासून आहे. इकडचा संग्राहक पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, नाही तर तालुक्याच्या एखाद्या सराफाच्या मोडीच्या डब्यात हात घालून आपले काम करतो. पदक हाती आले की तो प्रथम दर्शनी बाजू पाहत नाही. तिथे राजाराणीचे मुखवटे असतात आणि ते सगळ्या पदकांवर सारखेच. तो कडा पाहतो. कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. दुसऱ्या महायुद्धातली पदके खुद्द ब्रिटनमध्ये निनावी वाटली गेली, पण हिंदी शिपायांना मिळालेल्या पदकांवर नावे आहेत. या एका बाबतीत आपल्या माणसांवर उपकारच झाला म्हणायचा. नाव मिळाले की मग पलटणीचा इतिहास, पदक मिळालेल्यांच्या याद्या, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेली इंडिया ऑफिसची दप्तरे असा माग काढता येतो. ११० व्या मराठा पलटणीचा शिपाई असेल तर तो कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होता काय, एप्रिल १९१६ मध्ये तुर्कांच्या कैदेत गेला काय, असे प्रश्न त्या एका ओळीतून उभे राहतात. पगाराशिवाय, पदवीशिवाय आणि बहुधा घरच्यांच्या कुरबुरीत हे काम चालते. विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी ते आपण होऊन केलेले नाही.

मात्र या सगळ्या तपासात एक गोष्ट हाती लागत नाही. ती म्हणजे गाव. कडेवर ‘शिंदे’ असते, ‘जाधव’ असते, एखाद्या जुन्या पदकावर ‘नाक’ प्रत्ययाचे महार शिपायाचे नाव असते, तेही पलटणीच्या कारकुनाला जसे ऐकू आले तसे. पण तो शिंदे कोणत्या गावचा, हे पदक सांगत नाही. ते फक्त घर सांगू शकते. पदक घरात आहे तोवर ‘हे पणज्याचे, तो बसऱ्याला गेला होता’ एवढे वाक्य त्याच्यासोबत असते. पदक उंबऱ्याबाहेर पडले की वाक्य तिथेच राहते आणि पुढच्या पिढीत विरून जाते. मग एका मराठा शिपायाचे पदक लंडनला जाते आणि त्याचे गाव मात्र कायमचे हरवते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर, भीमेच्या काठी वसलेल्या वडगाव रासाईसारख्या गावांत आज हा प्रश्न तातडीचा झाला आहे. हा सगळा टापू पलटणींच्या वाटेवरचा. घोडनदीकाठी शिरूरला कंपनीची मोठी छावणी होती. स्टाँटनची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तिथूनच पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावापाशी भीमेच्या पलीकडे पेशव्यांचे सैन्य तिच्या नजरेस पडले. शिरूरला १८०९ साली मरण पावलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला आसपासचे लोक सत्पुरुष मानून सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, अशी नोंद जुन्या पुणे गॅझेटियरात आहे. परक्या कर्नलाची आठवण अशी देवत्वाला पोचली; त्याच छावणीत चाकरी केलेल्या गावकऱ्यांची नावे कोणत्या नैवेद्यात राहिली?

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने कित्येक गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले आणि त्यांपैकी इतके मेले, एवढाच त्यांचा मजकूर. आकडे आहेत, नाव एकही नाही. साताऱ्याच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्या ४६ जणांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? साऱ्या हिंदुस्थानातून त्या युद्धात सुमारे ७४ हजार शिपाई मेले. जिवंत परतलेल्यांना आणि मेलेल्यांच्या वारसांना चांदीचे पदक मिळाले. त्यात सुमारे अडीच तोळे चांदी होती. पलटणीबरोबर गेलेल्या मजूर आणि बिगारी लोकांना तेच पदक काशाचे देण्यात आले. गंमत अशी की, चांदीची पदके सराफाच्या मुशीत गेली आणि काशाची, कोणी विकत घेईना म्हणून, ट्रंकेच्या तळाशी टिकली. शिरूर-दौंड हा मूळचा पर्जन्यछायेचा प्रदेश. १९७२ च्या दुष्काळात घराघरांतले किडूकमिडूक विकले गेले, त्यात पणज्याची चांदीही गेली असेल तर त्यात नवल नाही आणि त्याबद्दल कोणी त्या घरांना बोल लावू नये. श्रीमंत ब्रिटनमध्येसुद्धा १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा हीच पदके हजारोंनी आटवली गेली.

येथे एक आक्षेप निश्चित येईल. ही पदके दास्याची चिन्हे आहेत. कंपनीची आणि बादशहाची चाकरी करून मिळवलेली ही चांदी जपायची कशाला? हा आक्षेप दिसतो तितका सरळ नाही. कोरेगावच्या स्तंभावर कंपनीच्या ४९ मृतांची नावे आहेत आणि त्यांतली २२ ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. ही नावे दगडात राहिली म्हणून पुढे काय घडले ते पाहावे. १८९० नंतर सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे केलेल्या अर्जांत पूर्वजांच्या याच लष्करी सेवेचा दाखला दिला. ज्यांच्या नावे सातबारा नव्हता, ज्यांना शाळेच्या दारात बसावे लागे, त्यांच्यापाशी माणूस म्हणून दाखवायला एवढाच सरकारी कागद होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले आणि आज दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक तिथे जमतात, त्याचे मूळ या नावांत आहे. त्या लढाईच्या अर्थाविषयी वाद आहेत. २०१८ साली त्या वादाने रस्त्यावर रक्त सांडले. पण कोण कोणत्या बाजूने का लढला, याची चर्चा पुराव्याने व्हायची असेल तर नावे आधी हाताशी हवीत. चाकरी कोणाची होती हे इतिहास ठरवील. नाव मात्र आपल्या माणसाचे आहे.

इटलीच्या रणांगणात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची आठवण समाजाने ठेवली. माणगावला घाडग्यांचे स्मारकही आहे. मोठ्या शौर्याची नोंद राहतेच. प्रश्न आहे तो ज्याने तीन वर्षे खंदक खणले, हिवताप काढला आणि मुकाट्याने गावी येऊन नांगर धरला त्याचा.

संग्राहकांचा गौरव करताना बाजाराचे गुण गाण्याचे मात्र कारण नाही. या धंद्यात युद्धात मेलेल्या माणसाचे पदक जिवंत परतलेल्याच्या पदकापेक्षा महाग विकते, हे एकच सत्य पुरेसे आहे. एका माणसाची तीन पदके तीन ठिकाणी विकून जास्त पैसे येत असतील तर व्यापारी संच फोडतो. कडेवरचे साधे नाव घासून तिथे नामांकित पलटणीचे नाव कोरण्याची कलाही या बाजारात अवगत आहे. आणि अडलेल्या म्हाताऱ्या विधवेला दोनतीनशे रुपये हातावर टेकवून नेलेले पदक परदेशी किती मोलाचे ठरते, हे तिला कधी कळत नाही.

यावर कायदा आहे. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू परदेशी नेण्यास मनाई करतो आणि तो मोडणाऱ्याला किमान सहा महिन्यांची कैद सांगतो. पहिल्या महायुद्धाची पदके १९१९ नंतर वाटली गेली. म्हणजे नेमकी आत्ताच ती एकामागून एक शंभरी ओलांडून या व्याख्येत येत आहेत. पण पाकिटात मावणारी, खिशात जाणारी वस्तू कोणत्या नाक्यावर अडवणार? रघुजीराजांची तलवार लपत नाही, पदक लपते. कायद्याचा धाक दाखवून खेड्यातली पदके वाचतील, ही कल्पना भाबडी आहे. उलट सरकारी बडगा दिसला तर ती आणखी खोल ट्रंकेत किंवा आणखी लवकर मुशीत जातील.

त्याहून स्वस्त आणि सोपा मार्ग आहे. सरकारने पदके ताब्यात घेऊ नयेत, विकतही घेऊ नयेत. फक्त वाचून घ्यावीत. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या सुमारे तीन लाख वीस हजार माणसांच्या गाववार नोंदवह्या पडून होत्या. २०२१ साली ब्रिटनमधल्या पंजाबी हौशी अभ्यासकांनी आणि एका विद्यापीठाने त्या जगापुढे आणण्यास प्रारंभ केला, तेव्हा परदेशात वाढलेल्या नातवंडा-पणतवंडांना आपल्या पूर्वजांची गावे सापडली. महाराष्ट्रात अशी गाववार वही आजही नव्याने करता येईल, कारण पदक आणि त्याचे वाक्य अजून काही घरांत एकत्र आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, प्रत्येक गावात ग्रामपंचायत आणि शाळा आहे आणि भिंग घेऊन धावत येणारे संग्राहक तर आहेतच. त्यांच्या ज्ञानाचा उपयोग चोरबाजारात होण्याऐवजी पंचायतीच्या ओटीवर झाला, तर त्यांनाही ते आवडेल. तलवारीला लागलेल्या रकमेचा काही अंशही अख्ख्या तालुक्याला पुरून उरेल.

ग्रामसभा २६ जानेवारीला भरते, १ मेला भरते, १५ ऑगस्टला भरते. वडगाव रासाईत किंवा भीमेपलीकडच्या दौंडच्या कोणत्याही गावात त्या दिवशी लोकांना घरातले पदक दाखवायला आणण्यास सांगावे. कडेवरची अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र काढावे, आजीला त्या माणसाबद्दल जे आठवते ते तिच्याच शब्दांत लिहावे, आणि पदक तिथल्या तिथे तिच्या हातात परत द्यावे. पदक हरवलेले असेल तरी नाव लिहावे. वहीच्या पहिल्या रकान्यात गावाचे नाव असावे, कारण तेवढेच कडेवर नसते.